एकाच चिपवर लिनक्स आणि आरटीओएस: क्लॉक कुणाचं, पॉवर कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा होता: एक चिप आहे, तिच्यात दोन कॉर्टेक्स-ए कोअरवर लिनक्स चालतं आणि एका छोट्या कॉर्टेक्स-एम कोअरवर (एम-कोअरवर) फ्रीआरटीओएस, म्हणजे ठरल्या वेळेत काम करणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम (आरटीओएस). एम-कोअर बूटलोडरमधूनच सुरू होतो, सेन्सर वाचतो, यूआर्टवर (सिरीयल पोर्टवर) डेटा पाठवतो. पण लिनक्स बूट होत आलं की ते यूआर्ट एकदम गप्प होतं. कर्नलच्या कमांड लाइनवर 'क्लॉक इग्नोर अनयूज्ड' टाकलं की चालतं, मग लिनक्स सस्पेंडला (झोपेत) गेलं की यूआर्टवर कचरा येतो आणि कधीकधी एम-कोअर अख्खा लटकतो. दोन्ही बाजूंनी हार्डवेअर सेमाफोर (एका वेळी एकालाच मिळणारं चिपमधलं कुलूप) घेऊन क्लॉकचे रजिस्टर लिहिले तर सुटेल का?

आधी शेवटच्याचं उत्तर देतो, सेमाफोरने एक तुकडा सुटेल, तुमचा मूळ प्रॉब्लेम नाही सुटणार. यात खरं तर तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्ही यूआर्टवरच दिसतात म्हणून एकच वाटतात.

पहिला आजार, बूटच्या शेवटी यूआर्ट मरणं. क्लॉक म्हणजे चिपमधल्या प्रत्येक भागाला चालवणारे ठोके. लिनक्समध्ये कॉमन क्लॉक फ्रेमवर्क आहे, २०१२ साली ३.४ कर्नलात आलं तेव्हापासून जवळपास सगळ्या चिपचे क्लॉक ड्रायव्हर त्याच्यावरच लिहिले जातात. ते प्रत्येक क्लॉकला किती जणांनी एनेबल केलंय याची मोजणी ठेवतं. बूट संपता संपता, म्हणजे सगळे बिल्ट-इन ड्रायव्हर लोड होऊन गेल्यावर, ते एक फेरी मारतं आणि जे क्लॉक हार्डवेअरमध्ये चालू आहे पण ज्याची मोजणी शून्य आहे ते बंद करतं. लिनक्सच्या नजरेने बरोबरच आहे हे, बूटलोडरने चालू ठेवलेलं कुणी वापरत नाही तर पॉवर का जाळायची. पण तुमचा एम-कोअर त्या मोजणीत कुठेच नाही! लिनक्सला तो दिसतच नाही. पॉवर डोमेनचं (पॉवर एकत्र चालू-बंद होणाऱ्या भागांच्या गटाचं) पण तसंच, तिथेही न वापरलेली डोमेन बंद करायची वेगळी फेरी असते आणि तिला थांबवायला 'पीडी इग्नोर अनयूज्ड' असा वेगळा पॅरामीटर आहे, बरेच जण क्लॉकवाला टाकतात आणि डोमेनवाला विसरतात, मग अर्धा दिवस जातो.

हे दोन्ही पॅरामीटर निदानासाठी आहेत, प्रॉडक्टमध्ये ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर मग काहीच बंद होत नाही आणि बॅटरीवर चालणारी वस्तू असेल तर ते लगेच जाणवतं, आणि दुसरं म्हणजे ही फेरी फक्त एकदाच होते, नंतर एखाद्या ड्रायव्हरने तोच पॅरेंट क्लॉक घेतला आणि सोडला की मोजणी एकवरून शून्यावर येते आणि तो बंद होतो, तिथे हा पॅरामीटर काहीच करत नाही. एम-कोअरला जे लागतं ते लिनक्सला सांगा, हा योग्य मार्ग. रिमोटप्रोक (लिनक्समधून दुसरा कोअर सुरू-बंद करणारी सोय) ड्रायव्हरच्या डिव्हाइस ट्री (लिनक्सला हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) नोडमध्ये कोअरचा क्लॉक द्यायची सोय बऱ्याच चिपवर असते. पेरिफेरलचे (यूआर्टसारख्या भागांचे) क्लॉक त्यात बसत नसतील तर क्लॉक ड्रायव्हरमध्ये त्या क्लॉकला क्रिटिकलचा फ्लॅग लावता येतो, किंवा काही ड्रायव्हर 'प्रोटेक्टेड क्लॉक्स' ही प्रॉपर्टी समजतात, त्यात दिलेल्या क्लॉकला लिनक्स हातच लावत नाही. एनएक्सपीच्या आय.एमएक्स८एम चिपच्या कुटुंबासाठी तर कर्नलात 'एम-कोअर बूटेड' असा पॅरामीटरच आहे, नेमक्या याच दुखण्यासाठी. आणि हो, एम-कोअरचं यूआर्ट लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये डिसेबल्ड ठेवा, नाहीतर दोघंही तेच रजिस्टर चालवतील.

दुसरा आजार म्हणजे कचरा. क्लॉक चालू आहे पण त्याचा वेग बदललाय. साधा हिशोब करून बघा: यूआर्टला ८० मेगाहर्ट्झ मिळतात, ११५२०० बॉड (सेकंदाला इतके बिट) हवाय, १६ पट सॅम्पलिंग, तर डिव्हायडर (क्लॉकला भागणारा आकडा) येतो साधारण ४३.४, तुम्ही ४३ टाकला, खरा वेग ११६२७९, चूक एक टक्क्याच्या आत, चालतं. आता लिनक्स सस्पेंडला गेलं, पीएलएल (क्रिस्टलवरून वेगवान क्लॉक बनवणारं सर्किट) बंद केला आणि तो क्लॉक २४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर वळवला. डिव्हायडर ४३च आहे, कारण एम-कोअरला कुणी काही सांगितलेलंच नाही. वेग झाला ३४८८४. समोरचा ११५२०० वर ऐकतोय, कचराच येणार. तुमच्याकडे नेमके हेच आकडे असतील असं नाही पण प्रकार हाच असणार, यूआर्टची पिन ऑसिलोस्कोपवर (स्कोपवर) लावून एका बिटची रुंदी मोजा, ८.७ मायक्रोसेकंदाच्या आसपास यायला हवी, त्याऐवजी २८ च्या पुढे दिसली तर शंका नको.

मी हे फार महागात शिकलोय म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ड्युअल कॉर्टेक्स-ए९ होता, एका कोअरवर लिनक्स आणि दुसऱ्यावर आरटीओएस, आरटीओएस मोटर चालवायचा. टेबलावर सगळं झकास. मशीनवर लावलं की मधूनच मोटर मंदावायची आणि पुन्हा नीट व्हायची, आम्ही पीआयडीचे (मोटरच्या कंट्रोलचे) गेन बदलले, केबल बदलल्या, नॉइज शोधला, दोन आठवडे गेले. शेवटी कळलं की आरटीओएसचा टिक (ठरावीक वेळाने येणारा ठोका) ज्या प्रायव्हेट टायमरवर होता त्याचा क्लॉक सीपीयूच्या क्लॉकमधून निघतो, झिंक-७००० सारख्या चिपच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे टायमर सीपीयूच्या निम्म्या वेगाने चालतात. आणि लिनक्सवर सीपीयूफ्रीक (कामानुसार सीपीयूचा वेग बदलणारी सोय) चालू होतं. लिनक्सवर काम कमी असलं की तो वेग निम्मा करायचा, आणि आमचा एक मिलिसेकंदाचा टिक दोन मिलिसेकंदाचा व्हायचा. टेबलावर टेस्ट करताना लिनक्सवर कायम काहीतरी चालू असायचं म्हणून तिथे कधी दिसलंच नाही. दोष कुणाचाच नव्हता, लिनक्स आपलं काम करत होतं, आरटीओएस आपलं, त्या क्लॉकवर दोघांचा जीव आहे हे फक्त आम्ही कुठे लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून कुठलाही असा प्रोजेक्ट आला की मी आधी कागदावर क्लॉक ट्री काढतो, क्रिस्टलपासून पीएलएल, मक्स (क्लॉकचा सोर्स निवडणारा स्विच), डिव्हायडर, गेट (क्लॉक चालू-बंद करणारा स्विच), पेरिफेरल, आणि एम-कोअरला लागणाऱ्या ट्रीच्या प्रत्येक टोकापासून मुळापर्यंत लाल पेनने रेघ मारतो. लाल रेघेवर जे जे आलं ते सगळं एम-कोअरचं देखील आहे, नुसतं शेवटचं गेट नाही.

आता सेमाफोर. तो कशासाठी हवा असतो? समजा एकाच रजिस्टरमध्ये तुमच्या यूआर्टचा बिट आणि लिनक्सच्या एसपीआयचा (दुसऱ्या एका सिरीयल बसचा) बिट शेजारी शेजारी आहेत. लिनक्सने रजिस्टर वाचलं, तेवढ्यात एम-कोअरने वाचून स्वतःचा बिट लावून लिहिलं, मग लिनक्सने आपली जुनी प्रत बदलून लिहिली, एम-कोअरचा बिट गेला. वाच-बदल-लिही यामधली ही फट सेमाफोर बंद करतो, आणि त्यासाठी तो चांगलाच आहे, लिनक्समध्ये हार्डवेअर स्पिनलॉकचं (म्हणजे अशाच सेमाफोरचं) फ्रेमवर्क २०११ पासून आहे, ओमॅप४ सारख्या चिपवर ए९, एम३ आणि डीएसपी असे वेगवेगळे कोअर एकत्र होते त्या गरजेतूनच ते आलं. इथे एक इशारा देतो, लोड-एक्सक्लुझिव्ह आणि स्टोअर-एक्सक्लुझिव्ह या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन वापरून स्वतःचा लॉक दोन वेगळ्या प्रकारच्या कोअरमध्ये करायला जाऊ नका, त्यासाठी त्या मेमरीवर ग्लोबल मॉनिटर (सगळ्या कोअरच्या अशा इन्स्ट्रक्शनवर नजर ठेवणारं हार्डवेअर) लागतो आणि ए व एम कोअरच्या मध्ये तो असेलच असं नाही. लॉक चालतोय असं वाटतं आणि महिन्यातून एकदा फसतं.

पण सेमाफोर फक्त "एका वेळी एकच लिहील" एवढंच सांगतो. "हे बंद करू नको, मला लागतंय" हे तो सांगत नाही. लिनक्स अगदी शिस्तीत सेमाफोर घेईल, शिस्तीत तुमचा पीएलएल बंद करेल आणि शिस्तीत सेमाफोर सोडेल. म्हणून मी म्हणतो की क्लॉक शेअर करायचा नाही, मागणी शेअर करायची. रजिस्टरला हात लावणारा एकच मालक, बाकीचे सगळे त्याच्याकडे "हवंय" किंवा "नकोय" सांगणार, आणि सगळ्यांचं "नकोय" आलं तरच मालक बंद करणार. इंजिनिअर लोक याला व्होटिंग म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे. क्वालकॉमच्या बऱ्याच चिपमध्ये मोडेम, ऑडिओ डीएसपी आणि मुख्य प्रोसेसर सगळे आरपीएम नावाच्या ब्लॉककडे असंच व्होट टाकतात, व्होल्टेजसाठी सगळ्यांत मोठी मागणी जिंकते, आणि जागेपणीचं व्होट वेगळं, झोपेतलं व्होट वेगळं.

काही चिपमध्ये हे व्होटिंग गेटच्या पातळीवर हार्डवेअरमध्येच दिलेलं असतं आणि तसं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. एसटीएम३२एमपी१ मध्ये ए७ साठी एनेबलचे वेगळे रजिस्टर आणि एम४ साठी वेगळे, दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी क्लॉक चालू, शिवाय सेट आणि क्लिअरचे पत्ते पण वेगळे त्यामुळे वाच-बदल-लिहीची भानगडच नाही. आय.एमएक्स७ आणि आय.एमएक्स८एम मध्ये प्रत्येक गेटला चार डोमेन, प्रत्येक डोमेनला दोन बिट, त्यात सांगायचं की नको, फक्त रनमध्ये हवं, रन आणि वेटमध्ये हवं, की कायम हवं. हे वापरा. मी असा कोड पाहिलाय जिथे चिपमध्ये ही सोय होती आणि तरीही शेअर्ड मेमरीत हाताने मोजणी ठेवली होती, तीही कॅशेबल मेमरीत, एम-कोअर त्या कॅशला कोहेरंट नसताना, म्हणजे लिनक्सने लिहिलेलं त्याला दिसेलच असं नसताना.

मात्र गेट वेगळं मिळालं म्हणजे मक्स आणि डिव्हायडर वेगळे मिळाले असं समजू नका, इथे भलेभले अडकतात. त्याच एसटीएम३२एमपी१ मध्ये यूआर्ट२ आणि यूआर्ट४ यांचा सोर्स निवडायचा मक्स एकच आहे, ३ आणि ५ चा एक, ७ आणि ८ चा एक. यूआर्ट४ वर लिनक्सचा कन्सोल आणि यूआर्ट२ एम४ ला दिलं, की गेट स्वतंत्र आणि सोर्स सामाईक. हे सॉफ्टवेअरने निस्तरत बसण्यापेक्षा पिनआउट ठरवतानाच जोडी फोडू नका, दोन्ही एकाच बाजूला द्या. स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) लॉक व्हायच्या आधी हे सांगितलं तर हार्डवेअरवाला अर्ध्या तासात बदलून देतो, नंतर सांगितलं तर बोर्ड परत बनवावा लागतो. तसंच ग्लिच-फ्री मक्सबद्दल, बऱ्याचशा अशा मक्सना बदलताना जुना आणि नवा दोन्ही क्लॉक जिवंत लागतात, जुना आधीच मेलेला असेल तर मक्स अडकून बसतो.

उलट दिशेचा घोळही बघा. एम-कोअरच्या एसडीकेमधला (चिप कंपनीने दिलेल्या कोडच्या संचामधला) डेमो कोड बहुतेक वेळा असं धरून चालतो की चिपवर तो एकटाच आहे, त्यातलं क्लॉक इनिट फंक्शन रूट, मक्स, कधीकधी पीएलएलसुद्धा परत सेट करतं. बूटलोडरमधून सुरू केलं तर खपून जातं, चालू लिनक्समधून रिमोटप्रोकने सुरू केलं की लिनक्सच्या पायाखालचा पीएलएल हलतो. आणि लिनक्सला ते कळत पण नाही कारण क्लॉक फ्रेमवर्क वेग स्वतःकडे कॅश करून ठेवतं, क्लॉक समरीत (लिनक्स दाखवतं त्या क्लॉकच्या यादीत) जुनाच आकडा दिसत राहतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी स्वतः एक संध्याकाळ घालवली आहे. एम-कोअरच्या कोडमधून ते इनिट काढा, तिथे फक्त तपासणी ठेवा, सोर्स आणि डिव्हायडर अपेक्षेप्रमाणे आहे का बघ, नसेल तर एरर दे.

आता मालक कोण असावा? सोपं उत्तर म्हणून लोक लिनक्सला मालक करतात, एम-कोअर आरपीमेसेजने (कोअरमध्ये मेसेज पाठवायच्या सोयीने) मागतो आणि लिनक्स देतं. डेमोला ठीक. पण लिनक्स झोपलं, पॅनिक झालं, किंवा नुसतं बिझी असलं तरी तुमचा रिअल-टाइम कोअर उत्तराची वाट बघत बसतो, मग तो रिअल-टाइम कसला राहिला. ज्याला शेवटपर्यंत जागं राहायचंय त्याने झोपणाऱ्यावर अवलंबून राहू नये. म्हणूनच मोठ्या चिपमध्ये तिसराच एक छोटा प्रोसेसर फक्त या कामाला ठेवतात. झिंक अल्ट्रास्केल प्लसमध्ये पीएमयू आहे, ट्रिपल रिडंडंट मायक्रोब्लेझ, ए५३ आणि आर५ दोघंही त्याच्याकडे नोड (क्लॉक-पॉवर लागणारे चिपचे भाग) मागतात आणि सोडतात, कुणाला काय मागायचा हक्क आहे हे कॉन्फिगरेशन ऑब्जेक्टमध्ये आधीच ठरतं. आय.एमएक्स८क्यूएममध्ये एससीयू, तिथे रिसोर्स पार्टिशनला वाटले जातात. टीआयच्या एएम६५एक्समध्ये डीएमएससी, आणि तिथे मागतानाच सांगता येतं की मला हे एकट्याला हवंय की शेअर केलेलं चालेल, ही कल्पना मला फार आवडते कारण भांडण कोड लिहितानाच समोर येतं.

प्रत्येक कंपनीची बोली वेगळी होती म्हणून आर्मने २०१७ मध्ये एससीएमआय नावाचं प्रमाण आणलं, त्यात पॉवर डोमेन, क्लॉक, परफॉर्मन्स, रिसेट, व्होल्टेज असे वेगवेगळे प्रोटोकॉल आहेत आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एक एजंट. मागण्या पुरवणारा सर्व्हर कुठेही असू शकतो, वेगळ्या कोअरवर, किंवा ट्रस्टझोनमध्ये (प्रोसेसरच्या सुरक्षित भागात), एसटीएम३२एमपी१ वर ऑप-टी (त्या सुरक्षित भागातली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) हा सर्व्हर चालवू शकतो, आय.एमएक्स९५ मध्ये कॉर्टेक्स-एम३३ वरचं सिस्टीम मॅनेजर फर्मवेअर चालवतं. नवीन चिप निवडायची असेल तर मी आधी हे बघतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, मेसेज पाठवून उत्तराची वाट बघणं म्हणजे ड्रायव्हरने तेवढा वेळ थांबणं (झोपणं) आलं, म्हणून लिनक्समध्ये क्लॉक सुरू करायच्या प्रिपेअर आणि एनेबल या दोन पायऱ्यांपैकी असे क्लॉक सहसा प्रिपेअरमध्ये चालू होतात, एनेबलमध्ये नाही, कारण एनेबल अटॉमिक संदर्भातून (इंटरप्टसारख्या, थांबता येत नाही अशा जागेतून) येऊ शकतं. तुमच्या ड्रायव्हरने प्रिपेअर एकदाच करून ठेवलं आणि इंटरप्टमध्ये नुसतं डिसेबल करत बसला तर प्रत्यक्षात काहीच बंद होत नाही, पॉवर का कमी होत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल.

तिसरा आजार, लटकणं. हे पॉवर डोमेनचं लक्षण वाटतं मला. क्लॉक बंद केला तर रजिस्टरमधली व्हॅल्यू टिकते, परत चालू केला की काम पुढे सुरू. डोमेनची पॉवरच गेली तर सगळं कॉन्फिगरेशन पुसलं जातं. आणि क्लॉक किंवा पॉवर नसलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचायला गेलात तर काही चिपवर शून्य येतं, काहींवर बस एरर येतो, आणि काहींवर बस उत्तराची वाट बघत कायमची थांबते, मग डीबगर पण आत शिरत नाही. लटकणं हे असं. दुसरं कारण, एम-कोअरचा कोड किंवा स्टॅक डीडीआरमध्ये (चिपबाहेरच्या मुख्य मेमरीत) असणं. लिनक्स सस्पेंड करताना डीडीआर सेल्फ-रिफ्रेशमध्ये (डेटा टिकतो पण वाचता येत नाही अशा स्थितीत) टाकतं, त्यानंतर पुढची इन्स्ट्रक्शन आणायला गेलेला एम-कोअर तिथेच अडकतो. तुमचं लिंकर स्क्रिप्ट (कोड कुठल्या मेमरीत जाईल ते ठरवणारी फाइल) उघडून बघा, सगळं टीसीएम (कोअरला जोडलेली स्वतःची मेमरी) किंवा ऑनचिप रॅममध्ये आहे का, एखादा मोठा बफर किंवा आरपीमेसेजची रिंग डीडीआरमध्ये राहिलेली असते. रिंग तिथेच ठेवायची असेल तर सस्पेंडच्या आधी एम-कोअरला मेसेज करून "आता तिकडे हात लावू नको" असं सांगायला हवं आणि त्याची पोच आल्याशिवाय लिनक्सने झोपायचं नाही.

व्होल्टेजचा विषय छोटा आहे पण टाळू नका. डायनॅमिक पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते म्हणून लिनक्सला रेल (व्होल्टेज पुरवणारी लाइन) खाली आणायचा मोह असतोच, आणि वेग वाढवताना आधी व्होल्टेज मग क्लॉक, कमी करताना आधी क्लॉक मग व्होल्टेज, हा क्रम लिनक्स स्वतःपुरता पाळतं. पण त्याच रेलवर एम-कोअर पूर्ण वेगाने चालू असेल तर त्याची मर्यादा लिनक्सच्या हिशोबात नसते. रेग्युलेटरला डिव्हाइस ट्रीमध्ये किमान व्होल्टेज एम-कोअरच्या गरजेइतकं बांधून टाका आणि ऑलवेज-ऑन करा. पीएमआयसीच्या (व्होल्टेज पुरवणाऱ्या चिपच्या) आयटूसी बसवर दोन मालक कधीच ठेवू नका.

आणि व्होट टाकणारा मेला तर? एम-कोअर क्रॅश झाला की त्याची "हवंय" तशीच पडून राहते, सेमाफोर धरून मेला असेल तर लिनक्स पण अडकतं. म्हणून सेमाफोर कायम टाइमआउटने घ्या, धरायचा तो इंटरप्ट बंद करून आणि दोन-चार रजिस्टर लिहिण्यापुरताच, आणि रिमोटप्रोक स्टॉप होताना त्या कोअरची सगळी व्होट काढून टाकणारा कोड आधीच लिहून ठेवा. हा कोड कुणी लिहीत नाही आणि सगळ्यांना लागतो.

तर तुमच्या चिपपुरतं मी या क्रमाने जाईन. दोन्ही इग्नोर पॅरामीटर काढा, कर्नलचा लॉग आणि एम-कोअर गप्प होण्याची वेळ जुळवून कुठलं क्लॉक गेलं ते पकडा, ते आणि त्याचे वरचे सगळे पॅरेंट लिनक्सला कळवा. मग एम-कोअरचं यूआर्ट जमत असेल तर थेट क्रिस्टलवर घ्या, २४ मेगाहर्ट्झवर ११५२०० साठी डिव्हायडर १३ येतो आणि चूक अवघी ०.१६ टक्के, म्हणजे पीएलएलशी संबंधच तुटला, लिनक्सने त्याचं काहीही करू दे. बहुतेक चिपवर अंतर्गत क्लॉक बाहेरच्या एका पिनवर आणायची सोय असते, ती वापरून सस्पेंडच्या आधी आणि नंतर स्कोपवर बघा, क्लॉक समरीवर विसंबू नका. एवढं झाल्यावरही लटकत असेल तर लिंकरची मॅप फाइल आणि सस्पेंडच्या वेळची डोमेनची यादी पाठवा, त्यात दिसेल.